मोटर आत की बाहेर?

बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलमध्ये, म्हणजे मोटर पट्ट्याने रेकॉर्ड फिरवते अशा रेकॉर्ड प्लेअरमध्ये, मोटर कुठे बसवायची, यावर दोन पंथ आहेत.

पहिला पंथ मोटर प्लिंथमध्येच (बाहेरच्या चौकटीत) ठेवतो, पण प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) स्प्रिंगवर टांगलेल्या सबचॅसीवर, म्हणजे आतल्या वेगळ्या सांगाड्यावर. अकूस्टिक रिसर्च (एआर) कंपनीचे एडगर व्हिल्चर यांच्या १९६१च्या टर्नटेबलपासून ही रचना रुळली. मोटरची थरथर स्प्रिंगपाशीच अडते, शिवाय जमिनीचे हादरेही रोखले जातात. गोम वेगळीच आहे. सबचॅसी डोलली की मोटरची पुली (बेल्ट ओढणारं चाक) आणि प्लॅटरमधलं अंतर बदलतं, बेल्टचा ताण कमी-जास्त होतो आणि पियानोचा लांब सूर किंचित हलतो. हाच तो ‘वाव’. स्प्रिंग नीट जुळवल्या, तर डोलणं सरळ वर-खाली राहतं आणि त्रास बराच घटतो. पण ते जुळवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा!

दुसऱ्या पंथात मोटर वेगळ्या, वजनदार डब्यात आणि प्लॅटर स्प्रिंगविना घट्ट पायावर. अंतर ठरलेलं, त्यामुळे वेग सहसा जास्त स्थिर. थरथर मात्र शेल्फमधून वळसा घालून सुईपर्यंत पोचू शकते.

सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, म्हणून ती फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा स्वतंत्र वीजपुरवठा दोन्ही पंथांना लाभतो. मी दुसरा पंथ निवडेन, शेल्फ भक्कम असेल तरच.