मोठे अस्वल पाहायचे असेल तर: चांदोली, कोयना की दरोजी?

सांगली किंवा साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला पूर्ण वाढलेले, मोठे अस्वल मोकळ्या रानात पाहायचे असेल, तर त्याने घराजवळच्या चांदोलीत किंवा कोयनेत जावे की कर्नाटकातले दरोजी गाठावे, या प्रश्नाला माझे उत्तर दरोजी असे आहे. चांदोलीवर माझे मनापासून प्रेम असल्यामुळे हे उत्तर देणे मला जड जाते. तरीही या तिन्ही ठिकाणी वाहन, वाटाड्या, होडी किंवा मनोरा अशी जी सोय पर्यटकाला मिळते, तिचे परीक्षण करताना अस्वल दिसण्याची शक्यता हाच निकष मी धरला आहे. रानाची शोभा, निवास आणि जेवण यांचा विचार येथे दुय्यम आहे.

आपल्या भागातले अस्वल म्हणजे लांब, विस्कटलेल्या केसांचे, छातीवर पांढरट खूण असलेले आणि वारुळे फोडून वाळवी खाणारे अस्वल. हिमालयातले काळे अस्वल वेगळे. त्याचे केस आखूड, कान गोल आणि छातीवरची खूण अधिक रेखीव असते, आणि त्यासाठी श्रीनगरजवळच्या दाचीगामसारख्या रानातच जावे लागते. आपल्याकडच्या अस्वलाचा नर साधारणपणे ८० ते १४५ किलोंचा आणि मादी ५५ ते ९५ किलोंची असते. जुन्या पिढीतल्या लोकांनी दरवेशाच्या दोरीला बांधलेले, खंगलेले अस्वल पाहिलेले असते, आणि तेच माप मनात धरून रानात गेलेल्या माणसाला पूर्ण वाढलेला नर समोर आला की तो वेगळाच प्राणी वाटतो.

जागा कशी निवडावी याचा सर्वांत बारकाईने विचार मला अमेरिका आणि कॅनडातल्या शिकाऱ्यांच्या पद्धतीत आढळला. तेथे काळ्या अस्वलाची शिकार परवाना घेऊन कायदेशीरपणे होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत स्थान दिले आहे, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ही तरतूद मला सर्वस्वी योग्य वाटते. तथापि मोठा नर कोठे सापडेल हे ठरवताना तेथील जाणता शिकारी ज्या गोष्टी तपासतो, त्या दुर्बीण घेऊन बसणाऱ्यालाही तितक्याच उपयोगी आहेत. त्या ऋतूत खाणे कोठे आहे, नराला म्हातारे होईपर्यंत जगता येईल इतकी शांतता कोठे आहे, आणि जनावर उघड्यावर येईल अशी जागा कोठे आहे, हे तो पाहतो. चांदोलीत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी भरपूर आहेत. तिसरी मात्र जवळजवळ नाही.

चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७ चौरस किलोमीटरांहून मोठे आहे, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सांगलीकडून शिराळा, कोकरूड, आरळा अशा वाटेने वारणावतीला पोहोचावे, तेथे प्रवेशाचे सोपस्कार करावेत आणि वाटाड्या घेऊन वाहनातून झोळंबीच्या सड्याकडे जावे, अशी येथील फेरीची साधारण पद्धत आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर आणि करवंदीच्या जाळ्या यांनी हे रान इतके दाट झाले आहे की रस्त्यापासून काही पावलांवर उभे असलेले जनावरही दिसत नाही. पुनर्वसित गावांच्या जुन्या शेतांवर आता गवत माजले आहे आणि तेथे गवे चरायला उतरतात. म्हणून गवा पाहण्यासाठी चांदोली उत्तम आहे. अस्वलाला मात्र त्या गवतात येण्याचे फारसे कारण नाही. त्याची वाळवी, मध आणि फळे झाडीतच असतात, आणि दिवसाचा बराचसा वेळ ते कपारीत किंवा गर्द सावलीत विसावून काढते.

येथील वाटाड्यांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सेवेचे खरे मोल त्यांच्यातच आहे. आमच्यासोबत जवळच्याच गावातला एक तरुण होता. वाहनातून खाली न उतरता त्याने रस्त्याच्या कडेचे फोडलेले वारूळ दाखवले, आणि साळिंदराने उकरलेली माती व अस्वलाने उकरलेली माती यांतला फरक समजावून दिला. अस्वल आधी नख्यांनी भोक पाडते, मग त्यात तोंड घालून जोराने फुंकर मारून माती उडवते आणि वाळवी शोषून घेते. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात मुळातच नसल्यामुळे त्या फटीतून हे शोषणे सोपे जाते, आणि त्याचा आवाज शंभर मीटरांपलीकडेही ऐकू येतो. पुढे एका वळणावर मऊ मातीत पावलाचा ठसा होता. बोटे जवळजवळ एका सरळ रेषेत आणि नख्यांच्या खुणा त्यांच्या बऱ्याच पुढे उमटलेल्या, अशी अस्वलाच्या ठशाची ओळख त्याने सांगितली. मी त्याला प्रत्यक्ष दर्शनाविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "माग रोज गावतोय बघा दादा, जनावर मातूर वर्षातनं कवातरी." ग्राहकाला खूश करण्यासाठी काहीही सांगता येत असताना त्याने हे सांगितले, म्हणून मी या सेवेला मनापासून चांगले म्हणतो.

याच्या नेमका उलट अनुभव एका खासगी सहल आयोजकाचा आला. त्याने "अस्वल हमखास" असे सांगून जादा रक्कम घेतली आणि प्रत्यक्षात तीच फेरी, त्याच वाटेने घडवली. रानात हमखास काहीही नसते, आणि जो तसे सांगतो त्याला पैसे देऊ नयेत. वारणावतीला थेट जाऊन फेरी ठरवणे अधिक स्वस्त आणि अधिक प्रामाणिक ठरते. अस्वलासाठीच चांदोलीला जायचे असेल, तर करवंदे आणि जांभळे पिकण्याचा, म्हणजे मेच्या मध्यापासून पावसाळ्याआधी रान बंद होईपर्यंतचा काळ निवडावा. तेव्हा विष्ठेत फळांच्या बिया दिसतात, माग ताजे असतात आणि पाणवठ्यांवर हालचाल वाढलेली असते. दर्शन झाले नाही तरी अस्वलाच्या खुणा वाचायला शिकण्यासाठी आपल्या दोन जिल्ह्यांत मला याहून चांगली जागा ठाऊक नाही.

कोयनेविषयी थोडक्यात सांगता येईल. बामणोलीहून शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, होडीने जाऊन वासोट्याच्या पायथ्याला उतरायचे आणि दाट रानातून किल्ला चढायचा, हा प्रवास महाराष्ट्रातल्या सुंदर पायवाटांपैकी एक आहे. या रानात अस्वले आहेत. परंतु होडीने जायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतायचे असल्यामुळे अस्वल बाहेर पडण्याच्या वेळेला पर्यटक तेथे नसतोच, आणि सुट्टीच्या दिवशी गटागटाने जाणाऱ्यांचा गलबला इतका असतो की कोणतेही जनावर वाटेजवळ थांबत नाही. अस्वलाच्या बाबतीत हा गलबला एका अर्थी चांगलाच म्हणावा लागेल. अस्वलाची नजर आणि कान फारसे तीक्ष्ण नाहीत, त्याचे सारे लक्ष नाकावर आणि खाण्यावर असते, आणि अगदी जवळ गेलेला माणूस अचानक समोर दिसला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. म्हणून पायी चालताना अस्वल शोधण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. वासोट्याच्या वाटेवर गप्पा मारत, एकत्र चालावे आणि अस्वल दिसण्याची इच्छा त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी.

आता दरोजी. हम्पीजवळचे हे अभयारण्य १९९४ मध्ये खास अस्वलांसाठी स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ८३ चौरस किलोमीटर, म्हणजे चांदोलीच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतके आहे. नकाशावर पाहिले तर येथे काही विशेष असेल असे वाटत नाही, कारण हे रान काटेरी झुडपांचे, उन्हाने रापलेले आणि प्रचंड ग्रॅनाइटी शिळांनी भरलेले आहे. पण अस्वलाच्या दृष्टीने पाहिले तर त्या शिळांच्या कपारी दिवसभर गार राहणाऱ्या गुहा ठरतात, झुडपांना फळे येतात, मातीत वारुळे आहेत आणि भोवती मोठी झाडी नसल्यामुळे टेकडीवरून उतरणारे जनावर लपून राहू शकत नाही. चांदोलीत न मिळणारी ती तिसरी गोष्ट येथे आहे. समोरच्या टेकडीकडे तोंड करून एक निरीक्षण मनोरा बांधला आहे. दुपारनंतर तेथे जाऊन बसायचे आणि वाट पाहायची, एवढीच येथील सेवा आहे.

आम्ही बसलो तेव्हा आधी मोर आले, मग मुंगूस आले आणि उन्हे तिरपी झाल्यावर एका शिळेमागून मादी बाहेर आली, तिच्या पाठीवर दोन पिले होती. पिले पाठीवर वागवणे ही या अस्वलाची खासियत आहे, आणि पिले बरोबर असलेली मादी अनेकदा मोठ्या नरांना टाळण्यासाठी उजेडातच खाऊन घेते. मोठा नर पाहायचा असेल तर त्यामुळेच शेवटपर्यंत बसावे लागते. बरेच पर्यटक मादी आणि पिले पाहून समाधानाने उठून गेले. आम्ही थांबलो, आणि उजेड जवळजवळ संपत आला असताना नर उतरला. त्याची चाल सावकाश आणि बेफिकीर होती, मान व खांदे केसांच्या आयाळीमुळे एकच भासत होते आणि तो येताच टेकडीवरचे दुसरे तरुण अस्वल न भांडता दूर सरकले. आकाराचा अंदाज घेण्यासाठी ही शेवटची खूण मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. अमेरिकेतले शिकारी डोक्याच्या मानाने कान लहान दिसतात का ते पाहतात. आपल्या अस्वलाचे कान मुळात मोठे आणि केसाळ असल्यामुळे ती कसोटी येथे लागू पडत नाही, आणि लांब केसांमुळे मध्यम अंगाचे अस्वलही थोराड वाटते. तेव्हा पोट जमिनीपासून किती उंच आहे, पुढचे पाय किती जाड आहेत आणि इतर अस्वले त्याला वाट देतात का, हे पाहावे.

दरोजीविषयी माझा एक आक्षेप आहे आणि तो मी सौम्य करून लिहू इच्छित नाही. मनोऱ्यासमोरच्या शिळांवर गुळाचा लेप लावला जातो आणि त्याच्या वासाने अस्वले तेथे येतात. ती मोकळीच आहेत, कुंपणात नाहीत, आणि बाकीचे खाणे स्वतः शोधतात, हे खरे आहे. तरीही जनावराला ठरावीक जागी, ठरावीक वेळी गोड खाण्याची सवय लावणे मला योग्य वाटत नाही. हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत मेन राज्यात आमिष लावून अस्वलाची शिकार करण्यास मुभा आहे, तर कोलोरॅडोत १९९२ मध्ये लोकांनी मतदानाने त्यावर बंदी आणली. आपल्याकडे बंदुकीच्या जागी कॅमेरा आहे आणि हा फरक फार मोठा आहे, पण आमिष ते आमिषच. गुळाऐवजी फळझाडे आणि पाणवठे यांवर भर दिला, तर दर्शन थोडे कमी होईल आणि ते मला चालेल.

दुर्बीण ८ बाय ४२ मापाची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची न्यावी. टेकडी मनोऱ्यापासून इतकी दूर आहे की साध्या डोळ्यांना अस्वल काळ्या डागासारखेच दिसते, आणि संध्याकाळच्या मंद प्रकाशात अधिक मोठेपणा दाखवणारी पण लहान भिंगाची दुर्बीण अंधुक पडते. मोबाइलवर छायाचित्र मिळेल ही आशा सोडून द्यावी.

मिरजेहून हुबळीपर्यंत आणि तेथून गदग, कोप्पळमार्गे होसपेट्यापर्यंत रेल्वेने जाता येते. स्वतःचे वाहन असेल तर जत, विजयपूरमार्गे होसपेटे गाठावे. दरोजीचा मनोरा आणि हम्पी एकमेकांच्या जवळ असल्यामुळे सकाळ हम्पीत आणि दुपारनंतरचा वेळ मनोऱ्यावर असे नियोजन सहज बसते. तेथील कर्मचारी कानडीत बोलतात, पण जत-मिरज भागातल्या माणसाला त्याची अडचण वाटू नये. विदर्भात जाण्याची तयारी असेल तर मेळघाट आणि ताडोबा येथेही अस्वले आहेत. महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगली आणि सातारा या दोन्ही स्थानकांवर थांबते, आणि मेळघाटासाठी तिने बडनेऱ्याला उतरावे. मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, तेथे अस्वले मोहाखाली येतात आणि कोणी गूळ लावलेला नसतो. वेळ आणि पैसा यांची सोय असलेल्याने दरोजीपेक्षाही हा पर्याय आधी विचारात घ्यावा, मात्र तेथे दर्शनाची खात्री कमी आहे हे धरून चालावे. ज्याच्याकडे शनिवार-रविवारच आहे आणि ज्याला मोठा नर पाहायचाच आहे, त्याने दरोजीला जावे, शक्यतो हिवाळ्यात जावे आणि मनोऱ्यावरून सर्वांत शेवटी उतरावे.