लॅपटॉपवरचा पहिलावहिला सर्व्हर: झॅम्प, डब्ल्यूएसएल की डॉकर?

"दादा, वेबसाइट बनवायला शिकायचंय, काय काय इन्स्टॉल करू?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन उलट प्रश्न टाकतो. शिकायचं नेमकं काय? आणि लॅपटॉपला रॅम किती? निम्मा निर्णय तिथेच होतो. उरलेल्या निम्म्यासाठी माझी कसोटी एकच: बिघडलं तर कुठे बघायचं हे तुम्हाला कळेल का? कारण बिघडणार तर आहेच.

नुसतं एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट शिकणार असाल तर झॅम्प, डब्ल्यूएसएल, डॉकर या तिघांपैकी काहीच नको; ती स्वतःच्याच लॅपटॉपवर वेबसाइट चालवणारा सर्व्हर उभारायची साधनं आहेत. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर घ्या, त्यात लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन टाका, झालं. फाइल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान आपोआप ताजं होतं. फाइलवर डबल-क्लिक करूनही पान उघडतंच की, असं वाटेल. पण तसं उघडलेल्या पानात जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स (वेगळ्या फाइलींतला कोड) आणि फेच (डेटा मागवणारी आज्ञा) यांना ब्राउझर सुरक्षेसाठी अडवतो. कोड अगदी बरोबर आणि पान कोरं, अशी गंमत होते.

रिअ‍ॅक्टकडे (ही जावास्क्रिप्टची लायब्ररी) जायचं असेल तर नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, लागतं. एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) असं लिहिलेली आवृत्ती घ्या आणि पुढे व्हा. रिअ‍ॅक्टसाठी झॅम्प बसवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत; त्याचा तिथे काडीचा उपयोग नाही.

खरा पेच पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) किंवा तिच्यावर उभं असलेलं वर्डप्रेस शिकणाऱ्यांपुढे असतो.

झॅम्प २००२ पासून आहे. अपाची (ब्राउझरला पानं पुरवणारा सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस; पॅनेलमध्ये त्याचं नाव मायएसक्यूएल असं दिसतं), पीएचपी आणि पर्ल ही आणखी एक भाषा एकाच गाठोड्यात. कंट्रोल पॅनेलमध्ये अपाची आणि मायएसक्यूएल यांच्यासमोरची स्टार्ट बटणं दाबायची, एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइल ठेवायची, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे स्वतःच्याच मशीनचा पत्ता, लिहायचं. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पहिल्याच संध्याकाळी स्वतःचं पान दिसतं, आणि नवशिक्याला तेवढा हुरूप लागतोच.

ते रुसतं कधी? अपाची सुरू झालं नाही तर बहुतेक वेळा पोर्ट ८० वर, म्हणजे वेबच्या नेहमीच्या दारावर, दुसरंच एखादं सॉफ्टवेअर ठाण मांडून बसलेलं असतं. पॅनेलमधल्या नेटस्टॅट बटणाने ते कोण हे कळतं. मग त्याला उठवा, नाहीतर अपाचीच्या कॉन्फिग फाइलीत ८० च्या जागी ८०८० लिहा. मायएसक्यूएलचं दुखणं जास्त वाईट. डेस्कटॉपवर काम चालू असताना वीज गेली, की पुढच्या वेळी ते सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून मशीन बंद करण्याआधी स्टॉप दाबायचं आणि डेटाबेस हाताळायच्या पानातून, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेस अधूनमधून एक्स्पोर्ट करून ठेवायचा. आणखी एक: यातल्या डेटाबेसच्या रूट वापरकर्त्याला मुळात पासवर्डच नसतो. स्वतःच्या मशीनवर ठीक, पण ही मांडणी जशीच्या तशी जगासमोर ठेवायची नाही.

तरी झॅम्पची खरी उणीव वेगळीच आहे. माझी पहिली साइट होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, चढवली तेव्हा अर्धे फोटो गायब. फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये तेच स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच. होस्टिंगवर मात्र लिनक्स होतं आणि त्याला ही दोन वेगळी नावं वाटतात. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही, त्यामुळे डोळ्याला खटकलंही नाही. एक अख्खी रात्र त्यात गेली.

डब्ल्यूएसएलमध्ये अशी चूक घरीच पकडली जाते, कारण विंडोजच्या आत खरंखुरं उबंटू, म्हणजे लिनक्सच, चालतं. अट एकच: प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवायचा. सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून उघडला तर कामही रेंगाळतं आणि अक्षरांचा घोळही लपून राहतो. बसवायला एकच कमांड पुरते, पण बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, लिनक्सची रीतच तशी. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती, मर्यादा नेमून दिली नाही तर, निम्म्या रॅमपर्यंत हात मारते, म्हणून ८ जीबीच्या खाली मी तिची शिफारस करत नाही. आणि अपाची, पीएचपी, डेटाबेस हे सगळं एकेक करून स्वतः बसवावं लागतं. त्याला वेळ जातो, पण कोणता भाग कुठे राहतो हे पक्कं कळतं.

साइट आणि तिला लागणारं सगळं एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं डॉकर २०१३ मध्ये आलं आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचं नाव सतत दिसतं, म्हणून मुलं थेट तिथूनच सुरुवात करू बघतात. नमनालाच घडाभर तेल. विंडोजवरचं डॉकर डेस्कटॉप सहसा डब्ल्यूएसएलवरच उभं असतं, म्हणजे तो त्रास टळत नाही, वर आणखी एक थर चढतो. हे डबे ज्यांतून बनतात त्या इमेजेस शेकडो एमबींच्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा तासाभरात उडतो. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तो कंटेनर स्वतः. डेटाबेस का जोडला जात नाही याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. व्हॉल्यूम (डेटा कंटेनरबाहेर राखणारी जागा) न जोडता कंटेनर काढून टाकला तर डेटाही गेला. चौघांच्या टीममध्ये सगळ्यांच्या मशीनवर पीएचपीची एकच आवृत्ती हवी असेल तर डॉकरला तोड नाही. एकट्याने शिकताना ती अडचण येतच नाही.

तेव्हा ४ जीबी रॅम किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टची तारीख डोक्यावर असेल तर झॅम्प. ८ जीबी आणि दोन-तीन निवांत रविवार असतील तर डब्ल्यूएसएल. डॉकर पहिली साइट होस्टिंगवर चढल्यानंतर. झॅम्पवरून पुढे सरकताना मात्र घाई नको: आधी डेटाबेस एक्स्पोर्ट करा, एचटीडॉक्सची प्रत काढा, नव्या जागी साइट उघडतेय का बघा, आणि मगच जुनं अनइन्स्टॉल करा.