सव्वातीन मिनिटांचा बॉम्ब आणि पाच मिनिटांची ट्राम

ऑर्सन वेल्स यांचा 'टच ऑफ ईव्हिल' हा चित्रपट १९५८ सालचा आणि व्हॉल्व्ह या कंपनीचा 'हाफ-लाइफ' हा पहिलावहिला गेम १९९८ सालचा. एक सीमेवरच्या भ्रष्ट पोलिसाची गोष्ट सांगतो, तर दुसरा प्रयोगशाळेतल्या अपघाताची. तरीही या दोघांची सुरुवात एकापाठोपाठ एक पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन्हीकडे आरंभीची काही मिनिटे कुठेही न तोडता, एका सलग नजरेतून दाखवलेली आहेत. दोन्हीकडे एक वाहन चालले आहे आणि पुढे काहीतरी भयंकर घडणार आहे. फरक आहे तो नजर कोणाच्या ताब्यात आहे आणि येणाऱ्या संकटाची माहिती कोणाला आहे, यात.

चित्रपटाची पहिलीच चौकट म्हणजे टाइमर लावणारे दोन हात. तो माणूस भिंतीवर स्वतःची लांबलचक सावली टाकत धावतो, एका मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि नाहीसा होतो. लगेच एक धनाढ्य गृहस्थ आणि त्याच्यासोबतची नर्तकी त्या मोटारीत येऊन बसतात. क्रेनवरचा कॅमेरा उंच जातो, इमारतींच्या छपरांवरून मोटारीचा माग काढतो आणि पुन्हा रस्त्यावर उतरतो. तिथे चार्लटन हेस्टन आणि जॅनेट ली यांनी साकारलेले नवविवाहित जोडपे चौकटीत शिरते आणि यानंतर मोटार व जोडपे यांची जी मागेपुढे होण्याची लय सुरू होते, तिला तोड नाही. कधी शेळ्यांचा कळप मोटार अडवतो आणि जोडपे पुढे निघून जाते, तर कधी मोटार त्यांना अगदी खेटून थांबते. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर दोन्ही एकाच वेळी पोहोचतात. पहारेकरी हेस्टनशी गप्पा मारत असताना मोटारीतली बाई आपल्या डोक्यात टिकटिक ऐकू येते आहे अशी तक्रार करते, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. सुमारे सव्वातीन मिनिटांचा हा शॉट स्फोटाच्या आवाजावर संपतो आणि पहिला कट येतो तो पेटलेल्या मोटारीवर. प्रेक्षकाला सगळे ठाऊक आहे आणि त्याच्या हाती काहीच नाही, या एकाच गोष्टीवर हा सगळा ताण उभा आहे.

'हाफ-लाइफ'ची सुरुवात नेमकी याच्या उलट आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखालील ब्लॅक मेसा या संशोधन केंद्रात गॉर्डन फ्रीमन हा तरुण शास्त्रज्ञ वरच्या रुळाला लटकत जाणाऱ्या ट्राममधून कामावर निघाला आहे. आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. ट्रामच्या डब्यात हवे तसे फिरता येते, कोणत्याही खिडकीशी उभे राहता येते, पण ट्राम थांबवता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. सुरुवातीलाच एक रक्षक बंद दारावर हात आपटत उभा दिसतो. तुम्ही दुसऱ्या बाजूला पाहत असाल, तर तो हुकतो. गेम त्यासाठी थांबत नाही. पुढे यांत्रिक हातांनी ओझी उचलणारी यंत्रे लागतात, सांडलेल्या हिरव्या द्रवाभोवती काम करणारी माणसे दिसतात आणि एका वळणावर दुसऱ्या ट्राममध्ये सूट घातलेला, हाती ब्रीफकेस धरलेला एक गृहस्थ थंडपणे उभा असतो. तो कोण, हे कोणी सांगत नाही.

यातले सर्वांत देखणे काम मला ध्वनिक्षेपकावरील निवेदनाचे वाटते. सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे झाली आहेत, बाहेर ९३ अंश फॅरनहाइट तापमान आहे, आत मात्र ते कायम सुखद ६८ अंश राखलेले आहे, असे एक गोड आवाज सांगतो. मग किरणोत्सर्गाची तपासणी चुकवल्यास नोकरी जाऊ शकते याची आठवण त्याच सुरात करून दिली जाते, आणि एखादा मित्र किंवा नातेवाईक इथे कामाला यायला तयार असेल तर जागा रिकाम्या आहेत, असेही कळते. धोक्याचा एकही शब्द न उच्चारता ही जागा माणसांना कसे वागवते, हे या रटाळ सूचनांतून पुरते उघड होते. वेल्स टिकटिक ऐकवून जे साधतात, ते इथे कार्यालयीन भाषेने साधले आहे.

श्रेयनामावलीच्या बाबतीत ही तुलना विशेष रंजक ठरते. युनिव्हर्सल स्टुडिओने वेल्स यांचा चित्रपट त्यांच्या हातून काढून घेऊन प्रदर्शित केला, तेव्हा या शॉटवर नावे आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले होते. संगीत उत्तम आहे, पण अक्षरे वाचताना डोळा मोटारीवरून सुटतो. वेल्स यांनी स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च यांनी १९९८ साली नवे संकलन केले, त्यात नावे काढली गेली आणि मॅन्सिनींच्या त्या संगीताऐवजी बारमधून व मोटारीच्या रेडिओतून येणारी, एकमेकांत मिसळणारी गाणी ऐकू येऊ लागली. त्याच वर्षी आलेल्या 'हाफ-लाइफ'ने मात्र ट्रामच्या प्रवासावर खुशाल नावे झळकवली आणि ती मुळीच खटकत नाहीत, कारण इथे नजर आपली आहे आणि वाचायचे की खिडकीबाहेर पाहायचे हे आपण ठरवतो. शिवाय त्यांच्याबरोबर फ्रीमनची सेवानोंदही येते: वय २७, एमआयटीची डॉक्टरेट, आणि आपत्ती आल्यास त्याला मदत देण्याचा प्राधान्यक्रम 'वरिष्ठांच्या मर्जीनुसार'. पुढच्या सगळ्या खेळाची चुणूक या एका ओळीत आहे.

निव्वळ कारागिरीचा निकाल द्यायचा तर मी वेल्स यांच्या बाजूने देईन. त्यांच्या शॉटमध्ये एकही सेकंद वाया गेलेला नाही, तर ट्रामचा प्रवास मधल्या बोगद्यांत रेंगाळतो आणि तिथे पाहण्यासारखे फारसे काही नसते. रक्षकांचे सारखेच चेहरे आणि ठोकळेबाज भिंती आज जुनाट वाटतात, हेही खरे. पण धाडस गेमचे मोठे आहे. बंदुकांच्या खेळात पहिली पाच मिनिटे खेळाडूच्या हाती काहीही न देणे आणि त्याने कंटाळून उठू नये, हा भरवसा केवळ परिसराच्या रचनेवर टाकणे सोपे नव्हते. कॅमेरा खेळाडूकडून कधीच काढून घ्यायचा नाही, हा नियम हा गेम अखेरपर्यंत पाळतो आणि त्याची सवय ट्राममध्येच लावली जाते.

चित्रपट पाहणाऱ्यांनी १९९८ चेच संकलन निवडावे आणि शक्य असल्यास हेडफोन लावावेत, कारण रस्त्यावरचे आवाज हेच त्यातले संगीत आहे. गेमचे 'ब्लॅक मेसा' या नावाने २०२० साली पूर्ण झालेले नवे रूप डोळ्यांना अधिक सुखावणारे आहे, तरी पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी मूळ गेमनेच सुरुवात करावी आणि ट्राममध्ये एकाच खिडकीशी उभे न राहता दोन्ही बाजूंना नजर ठेवावी.