खान्देशातली फोर बाय फोर आणि डांबरी रस्ता: एचटी, एटी की एमटी?

थार घ्या, जिम्नी घ्या, स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनर घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे फोर बाय फोर गाडीचं बहुतेक आयुष्य डांबरावरच जातं. सुरत-नागपूर महामार्ग, धुळ्याहून इंदूरकडे किंवा नाशिककडे जाणारा रस्ता, तालुक्याचा दुपदरी, आणि शेवटी वावरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर मुरमाचे. पहिला संच घासला की मालक दुकानात जातो आणि त्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरकडे बघून टायर निवडतो. आमचं मत याच्या उलट आहे. भर पावसात नव्वदच्या वेगात समोर ट्रक आडवा आला, तर त्या वेळी कोणता टायर खाली हवा, हे आधी ठरवावं. फोर व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ओढायला मदत करते. थांबवायला आणि वळवायला तिचा काडीचा उपयोग नाही. ते काम चार तळव्यांएवढ्या रबराचं.

एकाच मापात दोन टायर

एचटी म्हणजे हायवे टेरेन, एटी म्हणजे ऑल टेरेन. दोन्ही एकाच मापात समोरासमोर ठेवून बघा. एचटीवर गोलाकार फिरणाऱ्या तीन-चार सलग चरी असतात आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या बऱ्याचशा अखंड असतात. पाणी त्या चरींतून मागे फेकलं जातं आणि अखंड पट्टी डांबराला सपाट चिकटून राहते. नवीन एचटीची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. एटीची नक्षी 10 ते 12 मिलिमीटर खोल, ठोकळे सुटे, मधल्या फटी रुंद. खडीत आणि वाळूत हे ठोकळे रुततात आणि पकड मिळते. डांबरावर मात्र ब्रेक दाबला की उंच, सुटे ठोकळे वाकतात, आणि रस्त्याला टेकलेलं रबरही कमी असतं. म्हणून ओल्या, गुळगुळीत डांबरावर एटीला थांबायला जास्त अंतर लागतं. कंपनी चांगली असेल तर फरक कमी होतो, नाहीसा होत नाही.

वाकणारा ठोकळा गरमही होतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या घरात असतो, तेव्हा दुपारचं डांबर 60 अंशांच्या वर तापलेलं असतं. त्यात हवा कमी, गाडीत सात माणसं आणि वेग शंभर असला, तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि नक्षीखालचा पोलादी पट्टा रबरापासून सुटू लागतो. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. ज्याच्या नक्षीत आणि बाजूत कमी रबर मळलं जातं तो एचटी इथे उजवा ठरतो. अॅव्हरेजच्या बाबतीतही तोच पुढे, कारण वाकण्यात वाया गेलेली ताकद शेवटी डिझेलमधूनच येते.

आवाज हा तिसरा मुद्दा, आणि रोज ये-जा करणाऱ्याला तो सगळ्यात आधी जाणवतो. नवा एटी साठ-सत्तरच्या पुढे हलका गुणगुणतो. पंधरा-वीस हजार किलोमीटरनंतर ठोकळ्यांची एक कड झिजून करवतीसारखे दात पडले की तोच आवाज घोंघावतो, आणि पुष्कळ जण बेअरिंग गेलं समजून चाक उघडायला लावतात. नक्षीवरून हात आधी पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला टोचणारं लागलं तर बेअरिंग ठीक आहे, दोष टायरच्या झिजेचा आहे.

मग एटी कोणासाठी?

एटीची खरी कमाई दगडात आहे. धडगाव, अक्कलकुवा भागातले सातपुड्यातले आतले रस्ते, तोरणमाळच्या आसपासच्या पाड्यांवर जाणाऱ्या वाटा, रावेरहून पालच्या जंगलाकडच्या कच्च्या वाटा, इथे धारदार दगड टायरच्या खांद्याला, म्हणजे नक्षी आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेला, आणि बाजूला कापतात. एटीचा खांदा जाड असतो, नक्षी बाजूवर थोडी उतरलेली असते, आणि तो मार एचटीपेक्षा जास्त सोसतो. बाजूला पडलेली चीर पंक्चरवाला काढू शकत नाही. तो टायर गेला म्हणून समजा. कामामुळे आठवड्यातून दोन-तीनदा अशा वाटेवर जाणं होत असेल, तर एटीच घ्या आणि डांबरावरचं नुकसान मान्य करा. नदी-नाल्याच्या कोरड्या वाळूतून नेहमी जावं लागत असेल तरीही एटीच.

काळ्या मातीचं गणित मात्र वेगळं आहे आणि इथेच लोक फसतात. आपली कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि चाकाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत नक्षी भरून टाकते. भरलेला एटी आणि भरलेला एचटी यांत फारसा फरक राहत नाही. दोन्ही गोटा झालेल्या टायरसारखे घसरतात. एमटी, म्हणजे मड टेरेन, आपल्या रुंद फटींतून चिखल फेकू शकतो, पण चाक जोरात फिरलं तरच. जोरात फिरलेलं चाक काळ्या मातीत स्वतःसाठी खड्डा खणतं आणि गाडी धुऱ्यावर टेकून बसते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे तिरपे, उंच दात या कामासाठीच असतात आणि तेवढी उंची कुठल्याही एसयूव्हीच्या टायरला नसते. म्हणून ‘पावसाळ्यात वावरात जाता यावं’ एवढ्याचसाठी एटी घेणं म्हणजे बाकीचे आठ महिने फुकटचा भुर्दंड. गाडी मुरमावर उभी करावी आणि पुढे पायी जावं. जावंच लागलं तर फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि ओढ जास्त), दुसरा गिअर, हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवलेली आणि एक्सलेटरवर पाय स्थिर. मध्ये थांबू नका. परत डांबरावर आल्याबरोबर हवा पूर्ववत भरा. त्यासाठी बारा व्होल्टचा पंप गाडीत हवा, आणि तोही थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप एवढे मोठे टायर भरताना तापतो किंवा फ्यूज उडवतो.

एमटीबद्दल एवढंच: डांबरावर आवाज फार, ओल्यात पकड कमी, झीज लवकर. मुख्यतः डांबरावर चालणाऱ्या गाडीला तो घेऊ नये.

दुकानात काय बघायचं

सगळे एटी सारखे नसतात. अंगठ्याने मधला ठोकळा जोरात ढकलून बघा. ठोकळे तळाशी रबराच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले असतील, मधली रांग जवळजवळ अखंड असेल आणि खांद्याकडच्या फटी अरुंद असतील, तर तो सौम्य एटी. डांबरावर बराच सुसह्य. ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा भरपूर असतील तर ओल्या रस्त्यावर तो बरा वागतो. फटींच्या तळाशी छोटे उंचवटे असतील तर खडी अडकून आत घुसत नाही. महामार्गाची कामं सुरू असलेल्या भागात हे उंचवटे फार कामाला येतात, कारण अडकलेली खडी हजारो फेऱ्यांनी पट्ट्यापर्यंत भोक पाडते. बोथट स्क्रू-ड्रायव्हरने ती महिन्यातून एकदा काढत जा.

मापाआधी एलटी अक्षरं आहेत का ते बघा. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीची बांधणी: बाजू कडक आणि प्रत्येक चाक दोन-चार किलो जड. तेवढंच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते. दारावरच्या पाटीत दिलेली हवा कंपनीच्या मूळ टायरसाठी असते. तीच हवा एलटीत ठेवली तर तो कमी हवेवर चालल्यासारखा तापतो. भरपूर वजन वाहायचं नसेल तर एलटी नको.

नंतर भार आणि वेगाचा आकडा. 255/60 आर18 (रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 18 इंची) नंतर 112एच लिहिलेलं असेल तर एका टायरवर 1120 किलो आणि ताशी 210 किलोमीटरची मर्यादा. 109 म्हणजे 1030 किलो. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नका; एटीमध्ये वेगाचं अक्षर एस किंवा टी, म्हणजे 180 किंवा 190 असतं, ते आपल्या रस्त्यांना पुरतं.

उंच टायरचा मोह अनेकांना होतो. 255/60 आर18 चा व्यास साधारण 763 मिलिमीटर आणि 255/65 आर18 चा 789. जमिनीपासून उंची फक्त 13 मिलिमीटर वाढते, पण काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 83 वर असते, पिकअप मंदावतो आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आत घासू शकतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापांतच राहा.

बाजूवरच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: 2325 म्हणजे 2025 चा 23 वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाहून जुना नाकारा. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या थप्पीतला टायर तर नकोच. आपल्या उन्हात वापर कमी असला तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होऊन तडकतं.

कोणत्या गाडीला काय

थारला 255/65 आर18 मध्ये सीएटचे झार एटी कंपनीतूनच येतात. ती गाडी जळगाव-नाशिक-पुणे धावत असेल तर पुढचा संच त्याच मापाचा एचटी बसवा. आवाज आणि ब्रेक, दोन्हीतला फरक पहिल्याच फेरीत कळतो. जिम्नीला 195/80 आर15 मध्ये ब्रिजस्टोनचे ड्यूलर एचटी येतात. गाडी हलकी, टायर अरुंद, त्यामुळे मुरूम आणि वाळूत एचटीवरच ती छान निघते. बदलायचं कारण नाही. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर जड आहेत, महामार्गावर वेगाने धावतात आणि औट्रम घाट किंवा बिजासन घाट उतरताना ब्रेकवर मोठा ताण घेतात, त्यांना एचटी. अपोलोचे अप्टेरा एचटी2 आणि एटी2, योकोहामाचा जिओलँडार एटी जी015, जेके रेंजर असे पर्याय दोन्ही गटांत मिळतात. गाव, वाडी आणि डोंगर सगळंच थोडं थोडं असणाऱ्याने सौम्य एटी घ्यावा, पण डांबराबाहेरचा वापर दहा टक्क्यांहून कमी असेल तर एचटीवरून हलू नये.

चारही बदला

वर सांगितलेल्या सगळ्या गाड्यांची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे. म्हणजे एरवी ती दोन चाकांवर धावते आणि गरजेपुरती चारही चाकं जोडायची. पुढच्या आणि मागच्या धुऱ्याला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल तिच्यात नाही. मागे नवे 8 मिलिमीटरचे आणि पुढे 4 मिलिमीटर उरलेले टायर ठेवले, तर व्यासात 8 मिलिमीटरचा फरक पडतो. किलोमीटरला नवा टायर 417 फेरे घेतो आणि झिजलेला 421 ते 422. फोर-हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) लावल्यावर हा फरक कुठेतरी सुटावा लागतो. चिखलात तो घसरून सुटतो. कोरड्या डांबरावर सुटत नाही आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर, ताण चढत जातो. म्हणून चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या, जमल्यास स्टेपनीसकट पाच. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावू नका. टायरही त्यानेच लवकर जातात.

बसवताना नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकदमच करून घ्या. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळायला सांगा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पहिले 300 किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. नव्या रबरावरचा चकचकीत थर जाईपर्यंत पकड कमी असते. दर 8 ते 10 हजारांवर मागचे टायर सरळ पुढे आणि पुढचे तिरपे मागे आणा. फिरायच्या दिशेचा बाण असलेला टायर बाजू बदलून लावू नये.

हवा सकाळी, गाडी हलण्याआधी बघा. दहा अंश तापमान बदललं की दीड-दोन पीएसआय फरक पडतो. म्हणजे जानेवारीच्या पहाटे भरलेली हवा मेमध्ये तीनेक पीएसआय जास्त दिसेल. प्रवासात तापून वाढलेली हवा पंपावर कमी करू नका. टायर थंड झाला की ती पाटीवरच्या आकड्याखाली जाते.

बाभळीचा काटा नक्षीत घुसला तर लगेच उपटू नका. हवा टिकून असेल तर तसेच पंक्चरवाल्यापर्यंत जा. वाटेत बाहेरून भोकात घातलेली रबरी गुट्टी तात्पुरती. टायर उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लावून घ्या. 6 मिलिमीटरपेक्षा मोठं भोक किंवा खांद्यावरचं भोक दुरुस्त करून महामार्गावर पळवू नये. कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी चालते, पण 3 मिलिमीटरला आलेला संच मृगाच्या आधी बदलून टाका.