फीडिपीडिया: चारा ओला नव्हे, कोरडा करून मोजायला शिकले

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात अझोल्याचं, म्हणजे पाण्यावर वाढणाऱ्या बारीक नेच्याचं, वारं आलं. पेंडीचा खर्च निम्म्यावर येतो, असं सांगत एक जण तो वाढवायचे बेड, म्हणजे पाण्याचे उथळ हौद, विकून गेला. मीही गोठ्यामागं दोन बेड घातले. रोज दोन किलो अझोला जाळीवर काढायचा, शेणाचा वास जाईस्तोवर तीन पाण्यांनी धुवायचा आणि गाईपुढं टाकायचा. त्याच्या भरवशावर सरकी पेंड एक किलोनं कमी केली. पंधरा दिवसांत गाईचं दूध दिवसाला दीड लिटरनं उतरलं.

भाची कृषी कॉलेजला आहे. तिनं मोबाईलवर फीडिपीडिया उघडून दिलं. जनावरांच्या खाद्याची ही फुकट माहिती-साइट. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना एफएओ आणि फ्रान्समधल्या इनरे, सिराड, एएफझेड या संस्था मिळून ती चालवतात. उष्ण प्रदेशातला पाला, गवतं, पेंडी, भुसा, सगळ्यांची वेगवेगळी पानं आहेत.

अझोल्याच्या पानावरच्या तक्त्यातली पहिलीच ओळ कोरड्या भागाची. सहा-सात टक्के! बाकी सगळं पाणी. म्हणजे माझ्या दोन किलोंत कोरडा माल सव्वाशे-दीडशे ग्रॅम. प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास हे खरं, पण ती त्या कोरड्या मालाची. हिशेब केला तर पंचवीस-तीस ग्रॅम. एवढी प्रथिनं शंभर-सव्वाशे ग्रॅम सरकी पेंडीत मिळतात, आणि मी तर किलोभर पेंड काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी पेंड पूर्ववत केली.

मला या तक्त्यांतलं सगळ्यात आवडलं ते हे, की सरासरीशेजारी कमीत कमी, जास्तीत जास्त आणि किती नमुने तपासले तेही दिलेलं असतं. दोन-तीन नमुन्यांवरचा आकडा असेल तर तो किती धरायचा ते आपलं आपल्याला कळतं. दुकानातल्या पोत्यावर असलं काही मिळत नाही.

सुबाभळीचं पानही सावकाश वाचा. उन्हाळ्यात चारा संपला तेव्हा आम्ही शेळ्यांना नुसती सुबाभूळच घालत होतो आणि एकीच्या पाठीवरचे केस झडले. त्या पाल्यातल्या मायमोसिन नावाच्या विषारी घटकानं असं होतं. ते पचवणारा जिवाणू पोटात असलेल्या जनावरांना त्रास होत नाही, पण सगळ्यांच्याच पोटात तो असतो असं नाही. आता कडबा आणि शेवरीबरोबर थोडीच घालते.

अडचण भाषेची. सगळं इंग्रजीत आणि शास्त्रीय भाषेत, मला एक पान लावायला संध्याकाळ जाते. झाडाचं शास्त्रीय नाव टाकून शोधलं तर लवकर सापडतं. काही पानं अजून अपुरी आहेत, तसं तिथं लिहिलेलंही असतं. भाव मात्र कुठंच नाहीत, ते आपल्या बाजाराचे आपणच लावायचे.

मी वहीत मराठी नाव, शास्त्रीय नाव, कोरडा भाग आणि प्रथिनं असे चार रकाने केलेत. आजवर एकोणीस चारे भरलेत. अझोल्याचा एक बेड मोडला, दुसरा कोंबड्यांसाठी ठेवलाय.