टेनोफोर स्पर्शक स्लाइड-संच : नमुने उत्तम, माहितीपत्रक सदोष

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या या संचात प्लुरोब्रॅकिया या टेनोफोर (जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक समुद्री) प्राण्याच्या तीन स्लाइड आहेत : अखंड स्पर्शक, त्याची एक उपशाखा आणि उपशाखेचा आडवा छेद.

उपशाखेची स्लाइड हे या संचाचे खरे वैभव आहे. चाळीसपट वस्तुभिंगाखाली तिचा पृष्ठभाग कोलोब्लास्ट या भक्ष्य चिकटवणाऱ्या पेशींच्या घुमटाकार डोक्यांनी गच्च भरलेला दिसतो, आणि फोकस सावकाश खालीवर केला, तर काही ठिकाणी डोक्यापासून स्नायूंच्या गाभ्याकडे उतरणारा सर्पिल तंतूही ओळखता येतो. कोपेपॉडसारखे (पाण्यातील चिमुकला कवचधारी जीव) भक्ष्य टेकताच डोक्यातील कण फुटतात, चिकट द्रव्य बाहेर येते आणि भक्ष्य अडकते. ते कितीही धडपडले तरी पेशीचे मूळ उपशाखेत रोवलेले असते. एकदा वापरलेली पेशी पुन्हा कामी येत नाही, तिची जागा नवी पेशी घेते, हे लक्षात घेतले की ही दाटी किती आवश्यक आहे ते उमगते. कोणत्याही आकृतीतून हे इतके स्पष्ट झाले नसते.

अखंड स्पर्शक मात्र आखडलेला आहे. जिवंत प्राणी तो शरीराच्या कित्येक पट लांब पसरवतो. नमुना टिकवण्यासाठी रसायनांनी केलेल्या स्थिरीकरणात तो आकसतोच, त्यामुळे याबद्दल उत्पादकाला दोष देता येत नाही. छेदाचे रंजन इतके गडद आहे की पेशींच्या सीमा नीट दिसत नाहीत.

माझा गंभीर आक्षेप माहितीपत्रकावर आहे, कारण त्यात या पेशींना सरळ ‘दंशपेशी’ म्हटले आहे. जेलीफिशची दंशपेशी सूक्ष्म नलिका भक्ष्यात खुपसून विष सोडते. कोलोब्लास्ट टोचतही नाही आणि त्यात विषारी नलिकाही नसते, आणि हे दोन्ही प्राणी तर वेगवेगळ्या संघांतले आहेत. हेकेलिया रुब्रा ही टेनोफोर जाती खाल्लेल्या जेलीफिशच्या दंशपेशी स्वतःच्या स्पर्शकांत साठवून वापरते. सर्वच टेनोफोरांना दंशपेशी असतात असे शिकलेल्या विद्यार्थ्याला या अपवादाचे नवल कसे कळणार?

उपशाखेच्या एका स्लाइडसाठीसुद्धा हा संच प्रयोगशाळेत ठेवण्याजोगा आहे. शिक्षकांनी पत्रक बाजूला ठेवून स्वतःची टिपणे द्यावीत, आणि उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत स्पर्शकच नसलेल्या बेरोई या टेनोफोरची एक स्लाइड तुलनेसाठी अवश्य जोडावी.