स्टेअरिंगमागची गिअर बदलणारी ती दोन पाती: १४ महिने, १९ हजार किलोमीटर

आंबा घाटात ब्रेकचं पेडल पहिल्यांदा मऊ लागलं, तेव्हा गाडी घेऊन जेमतेम ३ महिने झाले होते. मे महिना. सोलापूरहून पहाटे निघालो, मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर करत गणपतीपुळ्याला चाललो होतो. गाडीत आम्ही ५ जण, डिकी गच्च. मलकापूर मागे पडलं, आंबा गाव गेलं आणि उतार सुरू झाला. गाडी ऑटोमॅटिक, लीव्हर डीमध्ये (म्हणजे ड्राइव्ह, गिअर गाडीच टाकते), मी निवांत. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी वेग धरायची, वळण आलं की ब्रेक दाबायचा, वळण संपलं की पुन्हा तेच. निम्मा घाट उतरेपर्यंत मागून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." पाठोपाठ मलाही वास आला. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांजवळ हात नेला तरी धग लागत होती. एका टेम्पोवाल्याने थांबून विचारलं आणि बजावून गेला, "पाणी मारू नका, डिस्क वाकडी होईल. निवू द्या." पाऊण तास थांबलो. मग साखरप्यापर्यंत अगदी सावकाश उतरलो, पण तोंडाचं पाणी पळालं होतं.

परत आल्यावर गल्लीतल्या मामांना हे सांगितलं. मामा ३० वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "उतरताना गिअर कुठला होता?" मला सांगता येईना. डी होता, एवढंच माहीत. मामा म्हणाले, "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे. तुमच्या गाडीत गिअर कोण टाकतं, तुम्ही का गाडी?"

त्या रात्री मॅन्युअल काढून बसलो आणि स्टेअरिंगमागच्या त्या दोन काळ्या पात्यांचं, म्हणजे पॅडल शिफ्टरचं, पान पहिल्यांदा नीट वाचलं. गाडी ताब्यात देताना शोरूमच्या मुलाने सनरूफ आणि मोबाईल जोडणं अर्धा तास समजावलं होतं. या पात्यांबद्दल "हे स्पोर्टी ड्रायव्हिंगसाठी" एवढंच बोलून तो पुढे गेला होता. ज्याच्या गाडीत ही पाती आहेत आणि ज्याला कुणी हे सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी हा अनुभव लिहितोय.

गाडी दीड लिटर पेट्रोल, टर्बो नाही, ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते बऱ्याच गाड्यांना लागू आहे. ऑटोमॅटिक घेतली ती डाव्या गुडघ्यामुळे. माझा टॉवेलचा व्यवसाय आहे, आठवड्यातून दोन-तीनदा बार्शी, तुळजापूर, पंढरपूर, महिन्यातून दोनदा पुणे असं फिरणं असतं. सात रस्त्यावरून नवी पेठेत जाऊन यायचं म्हटलं तरी क्लचवर शंभरदा पाय जायचा. त्या बाबतीत ऑटोमॅटिकने खरोखर सुख दिलं.

पात्यांचं काम सोपं आहे. उजवं पातं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. क्लच नाही, लीव्हर हलवणं नाही, हात स्टेअरिंगवरच. ही कल्पना आली शर्यतीतून. १९८९ च्या फेरारी ६४० या फॉर्म्युला वन गाडीत असा गिअरबॉक्स होता आणि नायजेल मॅन्सेलने त्याच वर्षी ब्राझीलची पहिलीच शर्यत ती गाडी घेऊन जिंकली. १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत ते दिलं. हे मला माझ्या मुलाने सांगितलं, त्याला या विषयात भारी रस आहे. म्हणून पॅडल म्हटलं की सगळ्यांना वेग आठवतो. मला १४ महिन्यांत उलटा अनुभव आला. माझ्या साध्या पेट्रोल गाडीत पाती वेग वाढवण्यापेक्षा वेग धरून ठेवायला दहापट जास्त कामाला येतात.

कसं ते सांगतो. डीमध्ये गाडीचा कॉम्प्युटर इंधन वाचवायला बघतो. पाय उचलला की त्याला वाटतं आता ताकद नको, म्हणून तो वरचा गिअर टाकतो, चौथा, पाचवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरतं आणि चाकांना अडवत नाही. उतारावर गाडी मोकळी सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. दुसरा गिअर टाकला की चाकांना इंजिन जोरात फिरवावं लागतं. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना इंजिनला हवा ओढायला कष्ट पडतात आणि तो अडथळा थेट चाकांपर्यंत पोचतो. शिवाय आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) जास्त आणि पाय वर असला की आजकालची इंजिनं पेट्रोल सोडणंच बंद करतात. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय म्हणजे पेट्रोल जळतंय, हा आपला समज उतारावर चुकीचा ठरतो. काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरतात. कळकळीने सांगतो, ते करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

पेडल मऊ का झालं, हेही तेव्हाच समजून घेतलं. सतत दाबून पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा मुरलेल्या ऑइलची ती किमान पातळी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दबते, मग पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं. सर्व्हिसिंगच्या यादीत ही ओळ असते, आपणच "राहू द्या" म्हणतो.

आता पाती वापरताना झालेली चूक सांगतो, कारण ती नेमकी घाटातच झाली. तुळजापूरचा घाट आमच्यापासून ४५ किलोमीटरवर. घाट छोटा, पण शिकायला उत्तम. देवीचं दर्शन करून सोलापूरकडे उतरताना मी डीमध्येच डावं पातं दोनदा ओढलं. काट्याजवळ आकडा बदलला, इंजिनचा आवाज चढला, गाडी छान धरली गेली. मी खूश. पुढच्या वळणाच्या तोंडाशी आवाज अचानक उतरला आणि गाडी पुढे सरकल्यासारखी झाली. झालं असं की डीमध्ये पातं ओढलं तर तो हुकूम तात्पुरता असतो. थोडा वेळ गेला की कॉम्प्युटर पुन्हा आपल्या मनाने गिअर टाकतो, आणि माझ्या गाडीने तो वळणावरच टाकला. उपाय साधा आहे. घाट सुरू व्हायच्या आधी लीव्हर एममध्ये (मॅन्युअल) घ्यायचा, मग पाती वापरायची. एममध्ये गिअर तुम्ही ठरवता आणि तो तसाच राहतो. या एका गोष्टीने माझा पात्यांवर विश्वास बसला.

आता सवय झालीय. उतार दिसला की सपाटीवरच वेग ४० पर्यंत आणतो, लीव्हर एम, दुसरा गिअर. आरपीएमचा काटा ३ हजारांच्या आसपास राहतो. सुरुवातीला बायको म्हणायची, "अहो, इंजिन किती ओरडतंय, काही होणार नाही ना?" लाल रेषेपासून काटा खूप लांब असतो, काही होत नाही. आणि आपण चुकून फारच खालचा गिअर मागितला तर गाडी ऐकतच नाही. एक बीप देते आणि आहे तोच गिअर ठेवते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. इंजिनने गाडी मंदावते तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. मागे ट्रक असेल तर मी पेडलला हलका पाय टेकवतो, दिवा लागला म्हणजे झालं. आणि पावसात, कोकणातल्या ओल्या रस्त्यावर, एकदम दोन गिअर पाडायचे नाहीत. पुढची चाकं घसरू शकतात आणि चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस फक्त ब्रेक दाबल्यावर काम करतं. एकेक गिअर, मध्ये दम धरून.

दुसरा खरा उपयोग बार्शी रस्त्यावर. नान्नज, वडाळा, वैराग या पट्ट्यात गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची रांग असते, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ओव्हरटेक करायचं तर पुढची मोकळी जागा मोजून मिळते. डीमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते, मग दोन गिअर पाडते, मग उचलते. तो एक क्षण आपण समोरच्या लेनमध्ये असतो. पात्याने मी आपल्याच लेनमध्ये असताना पाचव्यावरून तिसरा टाकतो. इंजिन तयार असतं. रस्ता मोकळा दिसला की बाहेर पडायचं, गाडी लगेच उचलते. नाही दिसला तर तिसऱ्यातच मागे थांबायचं, काही बिघडत नाही. माझ्या गाडीची ताकद त्याने वाढली नाही, ती आहे तेवढीच आहे. फक्त ती कधी मिळणार हे मला आधी कळतं. रात्री मात्र हा उद्योग मी करत नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो.

पुणे हायवेवर पात्यांची आठवणही येत नाही. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, चार पदरी रस्ता, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावायचा आणि जायचं. शहरातही उपयोग शून्य. कुणी म्हणेल पार्क चौकाच्या गर्दीत पात्याने मजा येते, तर त्यात मला तथ्य वाटलं नाही. ॲव्हरेजमध्ये फरक दिसला नाही, हायवेला १७ ते १८, शहरात ११, पहिल्यापासून तेवढंच.

खटकणारी बाब एकच. माझ्या गाडीत पाती स्टेअरिंगबरोबर फिरतात. यू आकाराच्या वळणात स्टेअरिंग अर्धं फिरलं की डावं पातं उजवीकडे जातं आणि घाईत बोट चुकीच्या पात्यावर पडतं. म्हणून वळणाआधी, स्टेअरिंग सरळ असतानाच गिअर ठरवायचा. काही गाड्यांत पाती स्टेअरिंगमागच्या न फिरणाऱ्या खांबाला पक्की असतात, तिथे ही अडचण येत नाही.

गिअरबॉक्सच्या प्रकाराप्रमाणेही फरक पडतो. मित्राची सीव्हीटी दोन दिवस चालवली. तिच्यात खरे गिअर नसतातच, पट्टा आणि दोन पुल्या असतात, पात्याने कॉम्प्युटर ठरावीक पायऱ्या करून दाखवतो. उतारावर धरते, पण माझ्या गाडीइतकी करकचून नाही. डीसीटीत, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर तयारच असतो, त्यामुळे पातं ओढताक्षणी गिअर पडतो. तो अनुभव मात्र फार सुंदर आहे. इलेक्ट्रिकमध्ये गोष्ट वेगळीच. २०२३ च्या नव्या नेक्सॉन ईव्हीत पाती आहेत, पण त्यांनी गिअर बदलत नाही, पाय उचलल्यावर मोटर किती अडवणार आणि बॅटरीत किती वीज परत जाणार ते बदलतं. म्हणजे तिथेही पात्याचं काम गाडी धरण्याचंच!

पैशाचं विचाराल तर पाती बहुतेक वेळा वरच्या मॉडेलमध्ये येतात. फक्त त्यांच्यासाठी लाख-दीड लाख जास्त देऊ नका. खालच्या मॉडेलच्या लीव्हरवर एम आणि अधिक-उणे असेल, किंवा एल किंवा २ असं लिहिलेलं असेल, तरी घाटात इंजिनने गाडी धरता येते. फक्त त्यासाठी एक हात स्टेअरिंगवरून काढावा लागतो. पण लीव्हरवर पी, आर, एन, डी एवढंच असेल आणि पातीही नसतील, तर घाटात जाणाऱ्याने ती गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या महिन्यात मामांना तुळजापूरला घेऊन गेलो होतो. परतताना घाटाच्या तोंडाशी पातं ओढलं. मामा डोळे मिटून बसले होते, त्यांनी ना लीव्हर पाहिला ना पातं. आवाज बदलला तसे डोळे न उघडताच म्हणाले, "दुसरा टाकलास."

आता बायकोही या घाटात एम लावते. आणि धाकट्या भावाला ऑटोमॅटिक घ्यायची आहे, त्याला मी सांगितलंय की होटगी रोडवर दोन चकरा मारून टेस्ट ड्राइव्ह संपवायची नाही. शोरूमवाले एवढ्या लांब नको म्हणतील, तरी हट्ट धरायचा, घरातली चार माणसं बसवायची आणि गाडी तुळजापूरच्या घाटात न्यायची. वर जाऊन वळायचं, एममध्ये दुसरा टाकायचा आणि ब्रेकला पाय न लावता गाडी किती धरते ते उतरताना बघायचं.